झेंडावंदनाच्या व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम आलाय? आधी पेन ड्राइव्ह शोधा

वर्षातल्या तीन संध्याकाळी माझा फोन हमखास वाजतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. पलीकडे कुठल्या तरी शाळेचे सर नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी असतात आणि वाक्यही ठरलेलं असतं, "अहो, आपल्याच राष्ट्रगीतावर कॉपीराइट म्हणे!" मी साताऱ्यात शूटिंग-एडिटिंग करतो. हा एकच बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की आता फोनवर पहिला प्रश्न मीच विचारतो: "गाणं वाजवलं कशावरून?"

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कोणतं ते आधी बघा, कारण सगळ्यांवर औषध एकच नाही.

- व्हिडिओ चढवून चहा होतो न होतो तोच यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओपुढे "कॉपीराइट" असा शेरा दिसतो.
- व्हिडिओ चालतो, पण नेमका राष्ट्रगीताच्या वेळी मुका होतो.
- तुम्ही कधी जाहिराती लावल्या नाहीत, तरी मुख्याध्यापिका बाईंच्या भाषणाआधी साबणाची जाहिरात येते.
- इथे दिसतो, पण दुबईतल्या माजी विद्यार्थ्याला "तुमच्या देशात उपलब्ध नाही" असं दिसतं.
- लाइव्ह चालू असताना मध्येच इशारा येतो किंवा प्रक्षेपण तुटतं.
- बावन्न सेकंदांच्या गाण्यावर दोन-दोन, तीन-तीन जणांचे दावे लागतात.

एवढ्यावर घाबरून व्हिडिओ उडवू नका. उडवून तोच पुन्हा चढवलात तर तोच क्लेम पुन्हा लागेल, आणि कोणत्या सेकंदाला काय सापडलं ही हातातली माहिती मात्र जाईल. गाण्याचा वेग किंवा पट्टी किंचित बदलून सिस्टिमला चकवायचा उपाय कुणी तरी सुचवतंच. तो माझ्याकडे मागू नका. राष्ट्रगीत मुद्दाम बेसूर करून चढवायचं, हे मला काही पटत नाही.

पहिली तपासणी: क्लेम आहे की स्ट्राइक? (खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं)

निम्मी धावपळ या दोन शब्दांतला फरक न कळल्यामुळे होते. क्लेम म्हणजे यंत्राने आवाज ताडून पाहिला, त्याच्याकडे कुणी तरी जमा केलेल्या नमुन्याशी तो जुळला आणि त्या मालकाने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे जाहिरात लागली, व्हिडिओ अडला किंवा नुसती नोंद झाली. त्याने चॅनेलला धोका नसतो. स्ट्राइक म्हणजे मालकाने कायदेशीर मागणी करून व्हिडिओ काढायला लावला. तो ९० दिवस राहतो आणि असे तीन साठले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. स्ट्राइक असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

क्लेम असेल तर "तपशील पाहा" उघडून तीन गोष्टी कागदावर लिहा: कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत, दावा कुणाचा, आणि जुळलंय काय, रेकॉर्डिंग की नुसती चाल. ही तिसरी नोंद फार मोलाची आहे. पुढचं सगळं तिच्यावर ठरतं.

दुसरी तपासणी: त्या सेकंदाला खरंच राष्ट्रगीतच आहे का? (खर्च शून्य, हेडफोन हवा)

हेडफोन लावून नेमका तेवढाच तुकडा ऐका. गेल्या खेपेला एका सोसायटीत राष्ट्रगीतावरून दोन दिवस संताप चालला होता. ऐकल्यावर कळलं, क्लेम राष्ट्रगीतावर नव्हताच. झेंडा फडकत असताना रस्त्यापलीकडच्या मंडळाच्या स्पीकरवर सिनेमाचं गाणं लागलं होतं आणि कॅमेऱ्याच्या माइकने ते इमानेइतबारे टिपलं होतं. कधी सुरुवातीच्या फोटोंच्या स्लाइड शोखाली एडिटरने घातलेलं संगीत निघतं. हे पाप मी स्वतःही केलेलं आहे.

तिसरी तपासणी: साउंडवाल्याला फोन (खर्च एका फोनचा)

"मुलांनीच म्हटलंय हो" या वाक्यावर मी विश्वास ठेवणं सोडून दिलंय. खोटं कुणी बोलत नाही, पण अर्धंच बोलतात. कोरेगावकडच्या एका शाळेतल्या संगीताच्या बाई शपथेवर सांगत होत्या की मुलं स्वतः गायली. गायलीच होती. पण त्यांच्याखाली नेटवरून उतरवलेला कराओके ट्रॅक होता, आणि व्हायोलिनचे तुकडे स्पष्ट ऐकू येत होते. तो ट्रॅकही कुणी तरी वादक बसवून, स्टुडिओ घेऊन केलेलं रेकॉर्डिंगच असतं. गायकाचा आवाज काढला म्हणून त्याचा मालक नाहीसा होत नाही.

तेव्हा साउंडवाल्याला स्पष्ट विचारा: पेन ड्राइव्ह कुणाचा, फाइल कुठून घेतली, फाइलचं नाव काय? नावात "फ्री", "नो कॉपीराइट" असलं काही असेल तर ते कुणी लिहिलं याचा पत्ता नसतो, त्यामुळे त्याची किंमत शून्य.

चौथी तपासणी: तीन कुलपं (खर्च शून्य, पण डोकं शांत हवं)

सगळा घोळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पसायदान घ्या. ज्ञानेश्वरांच्या शब्दांवर कुणाची मालकी नाही. पण एखाद्या संगीतकाराने त्याला लावलेली चाल ही त्याची निर्मिती, आणि कुणी गायिकेला बोलावून, पैसे घालून त्याची कॅसेट काढली तर ते ध्वनिमुद्रण त्या निर्मात्याचं. शब्द, चाल, रेकॉर्डिंग अशी तीन वेगळी कुलपं, तिघांच्या किल्ल्या तिघांकडे आणि तिन्ही वेगवेगळ्या वर्षी उघडणार. राष्ट्रगीत असो, राज्यगीत असो की शाळेची प्रार्थना, हिशोब हाच.

आपल्या १९५७ च्या कायद्यात शब्द आणि चाल यांची मुदत कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं आहे. मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. ध्वनिमुद्रणाची मुदतही ६० वर्षांचीच, पण ती रेकॉर्ड ज्या वर्षी प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून. गायकाच्या मृत्यूचा तिच्याशी संबंध नाही.

"जन गण मन": रवींद्रनाथ १९४१ साली गेले. शब्द आणि मूळ चाल दोन्ही त्यांचीच. मुदत तेव्हा ५० वर्षांची होती, म्हणजे १९९१ अखेर सगळं मोकळं झालं असतं. विश्वभारतीकडे त्यांच्या साहित्याचे हक्क होते, त्यावरून बरीच चर्चा झाली आणि १९९२ मध्ये कायद्यात मुदतच १० वर्षांनी वाढवली. एका कवीपायी देशभरच्या सगळ्या लेखक-संगीतकारांची मुदत वाढली! शेवटी १ जानेवारी २००२ पासून शब्द-चाल मोकळी झाली. पण ए. आर. रहमान आणि भारतबाला यांनी २००० साली मोठमोठे गायक-वादक घेऊन केलेलं "जन गण मन" २०६० अखेरपर्यंत बंद आहे. पेन ड्राइव्हवर बहुधा असलंच काही तरी असतं, कारण ते ऐकायला छान वाटतं.

"वंदे मातरम्" तर चालींचं जंगलच आहे. बंकिमचंद्र १८९४ साली गेले, शब्द केव्हाच मोकळे. विष्णु दिगंबर पलुसकरांची काफी रागातली चालही मोकळी, ते १९३१ साली गेले. मास्टर कृष्णरावांनी झिंझोटीत बांधलेली चाल, जिच्यासाठी ते संविधान सभेपर्यंत झगडले, ती मात्र नाही. मास्तर १९७४ साली गेले, म्हणजे २०३४ संपेपर्यंत थांबा. १९५२ च्या "आनंदमठ" चित्रपटातली चाल घेतलीत तर आणखी मजा. ते ध्वनिमुद्रण ६० वर्षं भरून २०१२ अखेर भारतात मोकळं झालं, पण चाल देणारे हेमंतकुमार १९८९ पर्यंत हयात होते, म्हणून चालीचं कुलूप २०४९ अखेरपर्यंत लागलेलंच. रेकॉर्ड मोकळी आणि चाल बंद, हे उलटं गणित लोकांच्या पचनी पडत नाही.

"सारे जहाँ से अच्छा"चंही तसंच. इकबाल १९३८ साली गेले. आपण सगळे म्हणतो ती चाल पंडित रविशंकरांची आहे आणि ते २०१२ साली गेले. मोजा, २०७२ अखेर.

आता १ मे. "जय जय महाराष्ट्र माझा" २०२३ मध्ये राज्यगीत झालं, म्हणून ते आपोआप सगळ्यांचं झालं असं निम्म्या सेक्रेटरींना वाटतं. झालेलं नाही. राजा बढे १९७७ साली गेले, शब्दांची मुदत २०३७ अखेरपर्यंत. श्रीनिवास खळे २०११ साली गेले, चालीची २०७१ अखेरपर्यंत. शाहीर साबळ्यांच्या आवाजातली रेकॉर्ड आणखी वेगळी. मान राज्याने दिला, मालकी जिथे होती तिथेच राहिली.

शाळांसाठी एक चांगली बातमी: साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे "खरा तो एकचि धर्म" आणि "बलसागर भारत होवो" यांचे शब्द २०११ पासून मोकळे आहेत. संगीताच्या बाईंनी स्वतः चाल बसवली तर दुधात साखर. सावरकर १९६६ साली गेले, त्यांच्या कवितांचे शब्द २०२६ संपल्यावर मोकळे होतील.

जुन्या रेकॉर्डबाबत एक खबरदारी. सीडीच्या पाठीवर छापलेलं साल पुष्कळदा त्या सीडीचं असतं, मूळ तबकडीचं नसतं. मूळ साल शोधा.

इथे लोक तीन सबबी पुढे करतात. "तीस सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं": असा नियम आपल्या कायद्यात कुठेही नाही. "आम्ही नाव दिलंय": नाव देणं ही सभ्यता झाली, परवानगी नव्हे. "आम्ही कुठे पैसे कमावतोय": तेवढ्याने सुटका होत नाही. हां, सरकारी समारंभात गीत म्हणायला किंवा रेकॉर्ड लावायला कलम ५२ मध्ये सूट आहे. शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे सादर करायलाही आहे. पण ही सूट मैदानापुरती. तोच कार्यक्रम जगाला दिसेल असा चढवला की पालकसभा संपली.

परदेशातल्या मंडळांसाठी दोन ओळी. कॅनडाच्या राष्ट्रगीताचे शब्द आणि संगीत सार्वजनिक मालकीचे आहेत, असं त्यांच्या १९८० च्या कायद्यातच लिहिलंय. पण तेही शब्द आणि संगीत, रेकॉर्डिंग नव्हे. अमेरिकेत सरकारी नोकरांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीवर तिथे कॉपीराइट नसतो, त्यामुळे तिथल्या मरीन बँडने वाजवलेलं त्यांचं राष्ट्रगीत हा गणपतीच्या कार्यक्रमासाठी सगळ्यात निर्धोक पर्याय. आपल्याकडे मात्र सरकारी रेकॉर्डिंगलाही ६० वर्षांची मुदत आहे, म्हणून सरकारी संकेतस्थळावरून फाइल घेतलीत तरी तिथल्या अटी वाचा.

पाचवी पायरी: कापा, मुकं करा किंवा सोडून द्या (खर्च शून्य, थोडं नुकसान)

तपासणीत पेन ड्राइव्हवरची रेकॉर्ड दुसऱ्याचीच निघाली, तर भांडू नका. यूट्यूब स्टुडिओतच तेवढा भाग कापता येतो, गाणं मुकं करता येतं किंवा बदलता येतं. मी शक्यतो कापतो. मुकं केल्यावर ओठ हलताहेत, हात सरळ, झेंडा वर आणि आवाज नाही, हे दृश्य फार केविलवाणं दिसतं. आणि जाहिरात लागण्यापलीकडे क्लेमचा काही परिणाम नसेल, तर तसंच राहू देणं हाही एक उपाय आहे. पुष्कळ शाळांना मी तेच सांगतो.

सहावी पायरी: स्वतःचं रेकॉर्डिंग (एक सकाळ जाते)

हा कायमचा इलाज. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. त्यासाठी स्टुडिओ नको. एक वर्ग घ्या. हॉल नको, तिथे आवाज घुमतो. पंखे बंद करा, खिडक्यांना पडदे लावा. हार्मोनियमवर मुलांना झेपेल अशी पट्टी धरा, फोन पहिल्या रांगेपासून सहा-सात फुटांवर ठेवा आणि तीनदा म्हणवून घ्या. तिसरी खेप बहुधा चांगली येते, चौथीला मुलं कंटाळतात. चाल मूळ तीच ठेवा. कुणा कंपनीच्या रेकॉर्डमधले मधले वाद्यांचे तुकडे ऐकून ऐकून वाजवू नका, ते संयोजन त्यांचं असतं.

त्याच दिवशी एक फोल्डर करा: मूळ फाइल, तारखेसह त्या वर्गातला फोटो, मुलांची आणि पेटीवाल्या सरांची नावं, पालकांच्या सहीची चिठ्ठी. चिठ्ठी कशाला? कारण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचाही आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो, आणि तो ५० वर्षं चालतो. आज पाचवीतल्या मुलाचे पालक हौसेने सही देतात. दहा वर्षांनी त्यांना शोधायचं कुठे?

सातवी पायरी: डिस्प्यूट (वेळ एक महिना, जोखीम थोडी)

रेकॉर्डिंग खरोखर तुमचं, चाल मोकळी, तरी क्लेम आला, असंही होतं. यंत्र आवाजाचे ठसे ताडतं, आणि एकच चाल, तोच ठेका, जवळपास तीच पट्टी असली की गफलत होते. २०१८ मध्ये दहा तासांच्या नुसत्या खरखराटाच्या व्हिडिओवर पाच दावे लागल्याची बातमी गाजली होती, तिथे आपलं राष्ट्रगीत कुठे राहिलं!

अशा वेळी जरूर डिस्प्यूट करा, म्हणजे यूट्यूबवरच त्या दाव्याला हरकत घ्या, पण भावनेने लिहू नका. "देशाच्या अस्मितेवर घाला" वगैरे वाचून कुणी क्लेम मागे घेत नाही. माझा मजकूर असा असतो: "या व्हिडिओत ०:४२ ते १:३४ या वेळेत आमच्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी स्वतः गायलेले राष्ट्रगीत आहे. साथ फक्त हार्मोनियमची. कोणताही तयार ट्रॅक वापरलेला नाही. शब्द व चाल रवींद्रनाथ टागोर, निधन १९४१. भारतातील मुदत २००१ अखेर संपली. मूळ ध्वनिमुद्रण आमच्याकडे आहे." दावेदार परदेशी असेल तर हेच साध्या इंग्रजीत.

समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. गप्प राहिला तर क्लेम गळून पडतो, बहुतेक वेळा असंच होतं. नाकारलं तर अपील करता येतं आणि त्यावर उत्तराला ७ दिवस. पण अपील ही गंमत नाही. त्याला हरकत असेल तर पुढची पायरी थेट व्हिडिओ काढायची मागणी, म्हणजेच स्ट्राइक. एका सेक्रेटरीकाकांनी "जय जय महाराष्ट्र माझा"वर "सार्वजनिक मालकी" असा पर्याय ठोकला, नकार आल्यावर तावातावाने अपीलही केलं आणि तिसऱ्या आठवड्यात स्ट्राइक घेऊन माझ्याकडे आले. चौथी तपासणी केली असती तर बटण दाबलंच नसतं. दावा "चालीवर" असेल आणि चालीचा कर्ता साठ वर्षांच्या आत गेला असेल, तर तुमची मुलं कितीही सुरेल गायली तरी डिस्प्यूट करू नका.

इथे थांबा, वकील गाठा

पुढच्या गोष्टी मी करत नाही आणि तुम्हीही करू नका.

स्ट्राइक आलाय आणि तो चुकीचा आहे अशी खात्री आहे: त्यावर प्रतिसूचना देता येते, पण तो कायदेशीर कागद आहे. त्यात खरं नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि भारतात राहणाऱ्यालाही अमेरिकेतल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. मग समोरच्याला कोर्टात जायला कामाचे १० दिवस. मुख्याध्यापकांच्या सहीने हे परस्पर पाठवू नका.

वकिलाची नोटीस किंवा पैशांची मागणी आलीय: फोनवर काही कबूल करू नका, भरू नका, व्हिडिओ मात्र लगेच खाजगी करून ठेवा. कलम ६३ खाली हा फौजदारी गुन्हाही ठरू शकतो, सहा महिने ते तीन वर्षांची कैद लिहिलेली आहे, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नका. उलट धमकी बिनबुडाची असेल तर कलम ६० खाली तुम्हालाच न्यायालयात दाद मागता येते. कुठलं कलम कुठे लावायचं ते वकील बघेल. फक्त तो कॉपीराइटचं काम करणारा बघा. सोसायटीचा कन्व्हेयन्स बघणारे काका कितीही चांगले असले तरी हे त्यांचं क्षेत्र नाही.

जाहिरात, सिनेमा किंवा विकायची सीडी करायची असेल, तर क्लेमची वाट न बघता आधीच सल्ला आणि लेखी परवाने घ्या.

वकिलाकडे जाताना पहिल्या तपासणीतला तो कागद, साउंडवाल्याची माहिती आणि रेकॉर्डिंगचं फोल्डर घेऊन जा. त्याचा वेळ वाचतो, तुमची फी वाचते.

आणि साउंडवाल्याकडचा तो जुना पेन ड्राइव्ह परत मागून घ्या. त्यावरची फाइल उडवा, मुलांची घाला आणि वर पांढऱ्या टेपवर मार्करने लिहा: "राष्ट्रगीत, आपली मुलं, सरांची पेटी", खाली तारीख.